वेगळा केलेला कचरा गाडीत पुन्हा एकत्र होतो, तर घरात एवढा खटाटोप कशासाठी?

ओट्यापाशी

नमस्कार. आम्ही मुलुंड पूर्वेला एका जुन्या, चार मजली, बिनलिफ्टच्या इमारतीत राहतो. इमारतीत अठ्ठावीस बिऱ्हाडे आहेत. आमचे घर दोन खोल्यांचे असून माणसे चार आहेत: आम्ही दोघे, सासूबाई आणि सातवीतला मुलगा. गॅलरी नाही, गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असते आणि ती मागायला गेले की कारण सांगावे लागते.

गेले वर्षभर आम्ही ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवत आहोत. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवतो, भाजीला कापडी पिशव्या नेतो, भांड्यांना रिठ्याचे पाणी वापरून पाहिले. मागच्या आठवड्यात मुलाला शाळेत सोडून परत येताना मी आमच्याच दोन डब्यांतला कचरा गाडीमागच्या एकाच तोंडात ओतला जाताना पाहिला. विचारले तेव्हा ‘सुक्याची गाडी आज आली नाही’ असे उत्तर मिळाले. घरी येऊन सांगितले, तर सासूबाई म्हणाल्या, ‘मग मी त्या पिशव्या रोज कशाला धुते?’ मला उत्तर देता आले नाही.

म्हणून हा धागा काढत आहे. लहान जागेत, मुंबईच्या दमट हवेत आणि अशा व्यवस्थेत घर पर्यावरणाच्या दृष्टीने नीट चालवायचे असेल, तर श्रम नेमके कुठे घालावेत आणि कुठे उगाच वाया घालवू नयेत? ‘प्रत्येकाने आपला खारीचा वाटा उचलावा’ अशी वाक्ये खूप वाचली आहेत. मला वजनात, लिटरमध्ये आणि युनिटमध्ये उत्तर हवे आहे.

रुळालगत

ताई, सुक्या कचऱ्याच्या छाननी केंद्रात मी सहा वर्षे हिशेबाचे काम केले आहे, त्यामुळे सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

गाडीत दोन्ही कचरे एकत्र झाले की नुकसान दोन्हींचे होते. ओल्या कचऱ्यात भिजलेला कागद आणि पुठ्ठा कोणी विकत घेत नाही. आमटी लागलेली पिशवी उचलणाऱ्या बाईला तिचा निम्मा भावही मिळत नाही. दुसरीकडे ओला कचरा प्लॅस्टिकखाली दाबला जाऊन हवेविना कुजतो आणि त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. १९२७ पासून चालू असलेल्या देवनारच्या क्षेपणभूमीला जानेवारी २०१६ मध्ये लागलेली आग दिवसेंदिवस धुमसत राहिली, कारण अशा ढिगाच्या पोटात ज्वालाग्राही वायूचा साठा असतोच. तुम्ही मुलुंडच्या आहात, म्हणजे २०१८ मध्ये तिथली क्षेपणभूमी बंद होण्यापूर्वीचा वारा तुम्हाला आठवत असेल. आता शहराच्या कचऱ्याचा मोठा भाग कांजूरमार्गला जातो आणि तिथले रहिवासी तोच वास घेतात.

माझा सल्ला असा आहे की गाडी सुधारण्याची वाट पाहू नका. गाडीत मिसळण्यासारखे काही उरूच देऊ नका. सुका कचरा गाडीला देऊच नये. धुतलेल्या दुधाच्या पिशव्या, प्लॅस्टिकच्या बाटल्या, डबे, पुठ्ठा, वर्तमानपत्रे आणि पत्र्याचे डबे एका गोणीत साठवावेत आणि पंधरा दिवसांनी रद्दीवाल्याला किंवा इमारतीच्या सफाई कामगाराला द्यावेत. रद्दीवाल्याकडून भंगारावर प्रक्रिया करणाऱ्या धारावीच्या गाळ्यांकडे जाणारी साखळी कोणत्याही सरकारी योजनेपेक्षा जुनी आणि चोख आहे, कारण तिथे प्रत्येक टप्प्यावर कोणाची तरी रोजी अवलंबून आहे. सासूबाईंनी धुतलेली पिशवी या साखळीत गेली, तर तिचे धुणे वाया जात नाही. पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा मात्र सुटा करू नये, नुसती चीर द्यावी. तो नखाएवढा तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही आणि थेट गटारात जातो.

वेफर्स आणि बिस्किटांच्या चकचकीत वेष्टनांना या साखळीत जागा नाही. त्यांत प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि ते वेगळे करणे परवडत नाही. ही वेष्टने धुऊन जमवणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण त्यावर खरा उपाय ती घरात न आणणे हाच आहे.

मुगभाटकर

रुळालगत यांच्याशी सहमत आहे. थोडी भर घालतो. माझे बालपण गिरगावात चाळीत गेले. आरेचे दूध काचेच्या बाटलीत येई, रिकामी बाटली परत केल्याशिवाय भरलेली मिळत नसे. तेलाला किटली, पिठाला डबा, मिठाईला पळसाच्या पानाचा द्रोण. जुने कपडे बोहारणीला देऊन आई पातेले घेत असे आणि ती घासाघीस अर्धा तास चाले. पितळेच्या भांड्यांना कल्हई करून ती वर्षानुवर्षे वापरली जात. ‘पर्यावरणस्नेही’ हा शब्द कोणाला ठाऊक नव्हता आणि कचऱ्याचा डबा मात्र आठवड्यात जेमतेम भरायचा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा नाल्यांतून निघालेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या मी स्वतः पाहिल्या आहेत. त्यानंतर पातळ पिशव्यांवर निर्बंध आले, पुढे २०१८ मध्ये राज्याने बंदी घातली आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या कित्येक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. तरीही आमच्या भाजीवाल्याकडे पिशवी मागितली की गोणपाटाखालून निघतेच. आपण जुन्या सवयींकडे परत गेलो तरी पुष्कळ साधेल, असे माझे मत आहे.

खिडकीतली तुळस

मुगभाटकर काका, आठवणी सुंदर आहेत, पण त्यातला एक भाग तुमच्या लिहिण्यातून निसटला आहे. पहाटे चारला नळावर रांग लावून पाणी कोण भरत असे? चिंच आणि राखेने पितळ कोण घासत असे? त्या चाळीतला संसार काटकसरीचा होता, कारण घरातल्या बायकांचे श्रम फुकट धरलेले होते. आज ‘घर पर्यावरणस्नेही करू या’ असा ठराव होतो, तेव्हा पिशव्या धुण्याचे, कचरा वेगळा करण्याचे आणि दळण आणण्याचे काम पुन्हा सासूबाईंकडे, सुनेकडे किंवा कामाला येणाऱ्या मावशींकडे जाते. ओट्यापाशी ताई, तुमच्या घरात ते काम कोण करते, हेही एकदा मोजून पाहा.

आता कंपोस्टविषयी सांगते, कारण रुळालगत यांनी सुक्याचे सांगितले, पण वजन ओल्यात असते. मुंबईचा रोजचा कचरा सहा हजार टनांहून अधिक आहे आणि त्यात निम्म्याहून बराच जास्त वाटा ओल्याचा आहे. मी दहिसरला एका खोलीत खिडकीच्या जाळीवर आठ वर्षे कंपोस्ट करत आहे. पहिल्या दोन पावसाळ्यांत सपशेल फसले. अळ्या झाल्या, घरभर आंबूस वास सुटला आणि नवऱ्याने डबा जिन्यात नेऊन ठेवला, तिथून शेजाऱ्यांनी तो खाली.

चूक कुठे होती हे नंतर कळले. भाजीचे देठ, फळांच्या साली आणि उरलेले अन्न यांत पाणी आणि नायट्रोजन भरपूर असतात. ते कुजवणाऱ्या जिवाणूंना त्यांच्या जोडीला सुकी पाने, कागद, नारळाचा भुसा असे कार्बनयुक्त कोरडे काहीतरी लागते. कार्बन आणि नायट्रोजनचे प्रमाण साधारण पंचवीस ते तीसास एक असावे असे म्हणतात, पण स्वयंपाकघरात कोणी प्रयोगशाळा मांडत नाही. माझा नियम सोपा आहे: एक वाटी ओले पडले की आकारमानाने तेवढेच सुके वर पडले पाहिजे आणि पावसाळ्यात दीडपट. मिश्रण मुठीत दाबल्यावर हात ओलसर व्हावा, पण पाणी गळू नये. वास आला, तर बहुतेक वेळा हवा कमी आणि पाणी जास्त झालेले असते. ढवळून सुके घातले की दोन दिवसांत वास जातो. अळ्या दिसल्या तरी घाबरू नका. आपल्याकडच्या डब्यांतल्या जाड, करड्या अळ्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत आणि कचरा झपाट्याने खातात. फक्त पाहुण्यांना दाखवू नयेत.

सुकी पाने कुठून आणायची, हा मुंबईतला खरा प्रश्न आहे. फेब्रुवारी आणि मार्चमध्ये पिंपळ आणि देशी बदाम पाने गाळतात, तेव्हा दोन गोण्या भरून ठेवल्या की वर्ष निघते. कोणी लाकडाचा भुसा देऊ केला, तर तो प्लायवूडचा नाही ना हे विचारून घ्या, कारण प्लायच्या डिंकात रसायने असतात.

कोळंबी भात

माहीमहून विचारतो. आमच्या घरी आठवड्यातले चार दिवस मासळी असते. कोळंबीची साले आणि बोंबलाची डोकी डब्यात घातल्यास शेजारी आम्हाला इमारतीबाहेर काढतील. याला काही उपाय आहे का? आणि तयार झालेल्या खताचे फ्लॅटमध्ये काय करायचे?

खिडकीतली तुळस

मासळीचे उरलेले पहिल्या वर्षी डब्यात घालूच नका. हात बसला की थोडे थोडे घाला आणि ते डब्याच्या मधोमध, किमान वीतभर सुक्या थराखाली पुरा. कोळंबीची साले खताला उत्तम असतात. मासळी रोजची असेल, तर बोकाशी पद्धत बरी पडते. त्यात घट्ट झाकणाच्या डब्यात कोंड्यावर वाढवलेल्या जिवाणूंच्या साहाय्याने कचरा लोणच्यासारखा आंबवला जातो. मात्र तो नंतर मातीत किंवा दुसऱ्या डब्यात मुरवावा लागतो. करवंटी आणि आंब्याची कोय डब्यात टाकू नका, वर्षभराने जशीच्या तशी निघते.

खताचे म्हणाल, तर चौघांच्या घरातून दोन महिन्यांत फार मोठा ढीग निघत नाही, कारण बहुतेक वजन पाण्याचे असते. आमचे खत रस्त्यावरच्या झाडांच्या बुंध्याशी जाते, अर्थात जिथे काँक्रीटने बुंधा आवळलेला नाही तिथे. मुंबईत ही परंपरा नवी नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्याच उरलेल्या अन्नाच्या खतावर भाज्या आणि फळझाडे वाढवली गेली आणि ती पाहायला लोक दूरदूरहून येत असत.

थेंबे थेंबे

मी पाणीपुरवठ्याच्या क्षेत्रातून निवृत्त झालो आहे. कचऱ्याची चर्चा चांगली चालली आहे, पण पाण्याविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो.

मुंबईला सात जलाशयांतून पाणी मिळते: विहार, तुळशी, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा. विहार १८६० मध्ये पूर्ण झाला आणि मध्य वैतरणा २०१४ मध्ये. यांतले शहराबाहेरचे जलाशय ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांच्या डोंगराळ भागात आहेत. ज्या तालुक्यांतून आपल्या जलवाहिन्या निघतात, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन मैलभर चालतात. नळ सोडून दात घासताना ही गोष्ट कोणाला आठवत नाही, आणि आठवली तरी नळ बंद होईलच असे नाही, म्हणून यंत्रांबद्दल बोलतो.

मुंबईतल्या घरांत पाण्याची सर्वांत निरर्थक नासाडी आरओ यंत्र करते. पाण्यातले विरघळलेले क्षार काढणे हे त्याचे मुख्य काम आहे. भारतीय मानकानुसार हे क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असले तरी पाणी पिण्यास योग्य धरले जाते. आपल्या तलावांचे पाणी पावसाचे आहे; त्यातले क्षार सहसा दीडशेच्या आतच असतात. म्हणजे जे काढायचे ते मुळात नाहीच, आणि ते काढण्यासाठी सर्वसाधारण घरगुती यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन ते तीन लिटर मोरीत सोडते. दिवसाला दहा लिटर पिण्याचे पाणी धरले, तर वीस ते तीस लिटर वाया गेले. ओट्यापाशी यांच्या अठ्ठावीस घरांपैकी निम्म्या घरांत असे यंत्र असेल, तर रोज तीनशे ते चारशे लिटर, म्हणजे गच्चीच्या टाकीपर्यंत पंपाने विजेवर चढवलेले पाणी, थेट गटारात जाते.

मुंबईच्या पाण्यात धोका वेगळा आहे. पुरवठा दिवसातले काही तासच असतो. उरलेल्या वेळात जलवाहिनी रिकामी राहते आणि जिथे ती गळकी असते तिथून बाहेरचे घाण पाणी आत शिरू शकते. हा धोका जंतूंचा आहे, क्षारांचा नाही. त्यासाठी पाणी उकळणे किंवा यूव्ही (अतिनील किरण) आणि यूएफ (सूक्ष्म गाळणी) प्रकारचे शुद्धीकरण यंत्र पुरेसे आहे. बोअरवेल किंवा टँकरचे पाणी येत असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा क्षार मोजण्याचे काही शे रुपयांचे लहान यंत्र आणून स्वतः तपासावे आणि मग ठरवावे. आरओ घेऊन झालेच असेल, तर त्याची नळी बादलीत सोडा आणि ते पाणी फरशी पुसायला वापरा.

फ्लशच्या टाकीत थोडी निळी शाई टाका आणि अर्धा तास वापरू नका. भांड्यात निळा रंग उतरलेला दिसला, तर आतला वायसर गेलेला आहे. ही गळती आवाज करत नाही, म्हणून वर्षानुवर्षे चालू राहते. वायसरला लागणारा खर्च एका वडापावच्या प्लेटीपेक्षा फार जास्त नसतो. प्लंबर मिळवणे हाच काय तो त्रास.

तीन पाती

विजेचा हिशेब मी देतो. आपल्याकडे पंखा वर्षातले निदान दहा महिने फिरतो, तेव्हा आधी त्याच्याकडे पाहावे. जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या बिनब्रशच्या मोटरचा नवा सुमारे ३० वॅट. दिवसाला पंधरा तास धरले, तर रोज पाऊण युनिटाच्या जवळपास आणि दहा महिन्यांत साधारण २०० युनिट वाचतात. देशातली बरीच वीज अजून कोळशावर होत असल्यामुळे एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, म्हणजे एका पंख्यामागे वर्षाला १४० किलो. वर्षभर कापडी पिशवी मिरवूनही इतके साधणार नाही. जुना पंखा मात्र भंगारात द्या. तो गावच्या घरी पाठवला, तर तिथे तो पुढची वीस वर्षे फिरत राहील. (हे माझ्या वडिलांना पटलेले नाही, आमचे तीन पंखे सध्या चिपळूणजवळ फिरत आहेत.)

एसीबाबत एवढेच: तापमान एक अंशाने वाढवले, तर सुमारे सहा टक्के वीज वाचते. २६ वर ठेवून पंखा हळू लावला, तर घामही येत नाही.

पिशव्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो. एक किलो कापसाला जागतिक सरासरीने सुमारे दहा हजार लिटर पाणी लागते. लग्नात, चर्चासत्रात, दुकानाच्या उद्घाटनात मिळालेल्या नव्या कोऱ्या कापडी पिशव्या माझ्या घरी चौदा आहेत आणि वापरात दोन. जुन्या साडीची शिवलेली पिशवी हीच खरी पिशवी.

ओट्यापाशी

आठ आठवड्यांनी परत लिहीत आहे. मध्यंतरी उत्तरे दिली नाहीत त्याबद्दल क्षमस्व. आधी करून पाहायचे ठरवले होते.

एक आठवडा भाजीच्या तराजूवर कचरा तोलला. ओला रोज सरासरी ८०० ग्रॅम भरला, सुका १५० आणि बाकी ६० ग्रॅम. इमारतीचा ओला कचरा याच हिशेबाने २२ किलोच्या आसपास होतो. २ ऑक्टोबर २०१७ पासून महानगरपालिकेने वीस हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या किंवा रोज शंभर किलोपेक्षा अधिक कचरा करणाऱ्या संकुलांना स्वतःच प्रक्रिया करायला सांगितले आहे, त्यात आम्ही बसत नाही. सेक्रेटरींनी तेच कारण देऊन विषय संपवला. त्यामुळे गच्चीचा नाद सोडून ओट्याखाली रंगाच्या वीस लिटरच्या दोन रिकाम्या बादल्या ठेवल्या, बाजूने भोके पाडली, खाली ताटली ठेवली. एकदा वास आला. त्या दिवशी अर्धे कलिंगड घातले होते.

सुक्याच्या बाबतीत एक चूक केली, ती इथे कबूल करते. मी उत्साहाने सगळ्या मजल्यांवर सांगितले की सुके जमवून एकत्र रद्दीवाल्याला देऊ आणि पैसे सोसायटीत जमा करू. दुसऱ्या दिवशी आमचा झाडूवाला काहीच न बोलता जिन्यात बसून राहिला. नंतर कळले की बाटल्या आणि पुठ्ठा विकून महिन्याला मिळणारे पैसे तो मुलीच्या शिकवणीला देतो. मी तो बेत त्याच दिवशी रद्द केला. आता प्रत्येक घर गोणी स्वच्छ ठेवून त्यालाच देते. पूर्वी त्याला डब्यात हात घालावा लागे, तो आता घालावा लागत नाही. रुळालगत, तुम्ही त्याचा उल्लेख आधीच केला होता, मी वाचूनही पुढे गेले.

आरओचा विषय घरात गाजला. क्षार मोजले, ७० निघाले. यंत्र अजून चालू स्थितीत आहे म्हणून नवरा ते काढायला तयार नाही. सध्या नळी बादलीत आहे आणि सर्व्हिसचा करार संपला की बदलायचे ठरले आहे. शाईच्या प्रयोगात आमचा फ्लश निर्दोष ठरला, शेजारच्यांचा निळा झाला.

तुळसताईंनी विचारले होते की काम कोण करते. मोजले. बादली मी ढवळते, पिशव्या सासूबाई धुतात, मुलगा वर्तमानपत्र फाडतो आणि नवरा हिशेब ठेवतो. त्यावर बोलणे झाले. आता पिशव्या तो धुतो, हिशेब मुलगा ठेवतो, आणि सासूबाई वाळलेल्या पिशव्या उलट्या करून तपासतात व त्यांतल्या निम्म्या परत धुवायला पाठवतात.

उरलेल्या साठ ग्रॅमला उत्तर मिळाले नाही. त्यात वेफर्सची वेष्टने, औषधांच्या पट्ट्या आणि सॅनिटरी पॅड येतात. पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळे देते, म्हणजे उचलणाऱ्याला कळते.

रुळालगत

त्या साठ ग्रॅमला आमच्याकडेही उत्तर नव्हते. पण दोन महिन्यांपूर्वीपर्यंत तुमचा दररोज किलोभर कचरा गाडीत जात होता, आता फक्त ते साठ ग्रॅम जातात. गाडी आता मिसळणार कशात?

सोसायटी बधत नसेल, तर गल्लीच्या पातळीवर बोलून पाहा. एएलएम म्हणजे परिसर व्यवस्थापनाच्या समित्या मुंबईत १९९७ च्या सुमारास सुरू झाल्या, त्यांत घाटकोपरच्या जोशी लेनचे नाव पहिले घेतले जाते, आणि तीही साधी निवासी गल्लीच होती. स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ पासून ‘परिसर विकास’ प्रकल्पात कचरावेचक स्त्रियांना कंपोस्ट आणि बायोगॅसचे प्रशिक्षण देऊन संकुलांत कामे मिळवून दिली. बायोगॅससाठी भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘निसर्गऋण’ तंत्र वापरले गेले. बावीस किलोला बायोगॅस नको, पण प्रशिक्षित बाई जरूर हवी, आणि तिला पगार हवा.

ओट्यापाशी

तेवढ्यासाठी सर्वसाधारण सभेची वाट पाहावी लागेल. तोवर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी, ज्यांचा फ्लश निळा निघाला त्यांनीच, दोन बादल्या आणून ठेवल्या आहेत आणि भोके पाडायला कोणाकडे ड्रिल नाही. मागच्या वेळी मी तापवलेल्या उलथन्याने पाडली होती, ते उलथने सासूबाईंनी अजून माफ केलेले नाही. मुलुंड किंवा भांडुपच्या आसपास कोणाकडे एका रविवारपुरते ड्रिल असेल, तर कृपया कळवावे. आणि पिंपळाच्या पानांची एखादी जास्तीची गोणी कोणाकडे असल्यास तीही चालेल. आमची मार्चपर्यंत पुरेल असे वाटत नाही.